बेकरी तळ्यात कशी गेली

माझ्या नणंदेला "जवळच आहे" हे शब्द सहन होत नाहीत. रस्त्यात कुणी पत्ता विचारला आणि मी "इथं जवळच आहे" म्हटलं, की त्या शेजारून लगेच सांगणार, "तीनशे चाळीस मीटर. दोन वळणं." विचारणारा माझ्याकडे बघतो, मग त्यांच्याकडे बघतो, आणि आभार त्यांचे मानून चालायला लागतो. मी टपाल कचेरीत खिडकीवर बसते. दिवसभर लोकांना पत्ते सांगणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. पण घरात माझा मान हा एवढा.

लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं होतं, "स्वयंपाकघरापासून तुझी खोली माझ्या पावलांनी बारा, तुझ्या पावलांनी अकरा. तुझी ढांग मोठी आहे." मी मनात म्हटलं, ही नणंद आहे की मोजपट्टी. मनातलं नवऱ्याला सांगितलं आणि त्या शहाण्याने ते रात्रीच्या जेवणात सगळ्यांसमोर फोडलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "मोजपट्टी नको म्हणूस. मोजपट्टी उन्हात लांबते." आमची गट्टी त्या दिवशी जमली.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं" म्हणतात आणि विषय संपवतात. मोजणी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. एकोणिसाव्या वर्षी नकाशे गिरवायला म्हणून लागल्या. मी ती खोली पाहिलीय. खिडक्या सगळ्या उत्तरेला, म्हणजे नकाशांवर थेट ऊन पडायला नको. भिंतीलगत रुंद, उथळ खण, त्यात नकाशे आडवे झोपवलेले. गुंडाळी करायची नाही, घडी घालायची नाही, आणि खोलीत पाण्याचा पेला न्यायचा नाही. हवा दमट झाली की कागद फुगतो, मग नकाशावरची दोन गावं एकमेकांपासून केसभर लांब जातात. म्हणून नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणारा माणूस ताईंच्या दृष्टीने वाया गेलेला.

कागद फुगतो हे तरी माझ्या डोक्यात शिरलं. खरी भानगड पुढेच आहे, असं त्या म्हणायच्या, आणि ती मला कळली माझ्या लेकीच्या सातव्या वर्षी. तिला मैत्रिणीच्या वाढदिवसाला फुटबॉल द्यायचा होता आणि त्यावर रंगीत कागद नीट बसत नव्हता. रडून रडून पोरीने घर डोक्यावर घेतलं. ताई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "पुस्तकाला कव्हर घालता येतं, हो ना? आता चेंडूला घालून बघ. कागद एक तर चुरगळणार, नाही तर फाटणार. कुणालाच जमलेलं नाही हे. पृथ्वी हा चेंडू, नकाशा हा कागद. सुरकुती कुठं तरी पडणारच. नकाशा करणाऱ्याने ती कुठं लपवलीय ते आधी शोधायचं, मगच अंतराच्या गोष्टी करायच्या." शाळेच्या पुस्तकात या लपवालपवीला प्रक्षेपण म्हणतात आणि त्यावर पाच गुणांचा प्रश्न येतो. मी तो कायम सोडून दिला होता. चेंडू शेवटी पिशवीत घालून दिला.

पुढे ताई गणना विभागात गेल्या. तिथली पद्धत अशी, की एकच हिशेब दोन माणसांनी वेगवेगळ्या टेबलांवर करायचा, एकमेकांच्या कागदाकडे बघायचं नाही, आणि तिसऱ्याने दोन्ही उत्तरं ताडून पाहायची. ही सवय त्यांनी घरी आणली. आता दोन माणसं आणायची कुठून? म्हणून त्या सकाळी एकदा गणित करतात, कागद खणात टाकून कुलूप लावतात, किल्ली माझ्या हवाली करतात आणि संध्याकाळी तेच गणित कोऱ्या कागदावर पहिल्यापासून करतात. मग माझ्याकडे किल्ली मागतात. दोन्ही उत्तरं मीटरपर्यंत जुळली पाहिजेत. नाही जुळली तर त्या दिवशी आमच्या घरी जेवण मुकाट्याने होतं.

नोकरीत असताना आणि नंतरही ही सगळी उठाठेव त्या ज्यांच्यासाठी करत, ती माणसं नव्हती, कबुतरं होती.

आमच्या शहरात कबुतरांच्या शर्यतीचं एक मंडळ आहे, बावीस सभासदांचं. माझा नवरा त्यातला एक. एरवी तो लोकांचे नळ दुरुस्त करतो, पण जीव सगळा गच्चीवरच्या ढाबळीत. शर्यत अशी, की सगळ्यांची कबुतरं एका गाडीतून दूर नेतात, तीनेकशे किलोमीटरवर, आणि तिथं एकदम सोडतात. प्रत्येक कबुतर आपापल्या ढाबळीकडे उडत येतं. त्याच्या पायातलं कडं मालकाने काढून घड्याळाच्या पेटीत टाकायचं, की वेळ छापून येते. आता गंमत बघा. सुरुवात एका जागेवरून, पण शेवटाच्या जागा बावीस. कुणाची ढाबळ अलीकडे, कुणाची चार किलोमीटर पलीकडे. म्हणजे आधी पोचला तो जिंकला असं नाही. प्रत्येकाचं अंतर त्याच्या मिनिटांनी भागायचं आणि ज्याचा वेग जास्त तो पहिला. सगळा खेळ अंतरावर.

पूर्वी हे अंतर मंडळाचे त्या वेळचे अध्यक्ष रस्त्यांच्या नकाशावर दोरा ठेवून मोजायचे. दर वर्षी भांडणं. एकदा तर अध्यक्षांच्या सदऱ्याची कॉलरच कुणाच्या तरी हातात आली. त्यानंतर, सव्वीस वर्षांपूर्वी, माझ्या नवऱ्याने ताईंचं नाव सुचवलं. ताईंनी एकच अट घातली: प्रत्येक ढाबळीवर मी स्वतः चढणार. आणि चढल्या. कबुतर घरी येऊन ज्या फळीवर पहिल्यांदा पाय टेकतं, त्या फळीवर त्यांनी पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. सरकारी मोजणीचा सगळ्यात जवळचा दगड शोधायचा, त्या दगडापासून ठिपक्यापर्यंत फीत आणि दुर्बीण लावून मोजत यायचं, आणि ठिपक्याचे अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंदांत वहीत लिहायचे. मग त्या आकड्यांवरून सोडायच्या जागेपर्यंतचं अंतर काढायचं. तेही कागदावरच्या सरळ रेषेचं नाही, पृथ्वीच्या गोलाव्यावरून. आणि पृथ्वी पुरती गोलही नाही, जराशी दबलेली आहे, तो दबलेपणाही धरून.

माझ्या नवऱ्याला यातून काय मिळालं? टोमणे. कुठल्याही बैठकीत कुणी तरी म्हणणारच, "तुझं काय बाबा, तुझी घरचीच मोजणी." त्याने एकदा, फक्त एकदाच, गमतीत ताईंकडे अर्धा किलोमीटर मागून पाहिला होता. ताईंनी आठवडाभर त्याच्या हातचा चहा घेतला नाही. मोठ्या शर्यतीचा कप मात्र त्याला सव्वीस वर्षांत कधीच मिळाला नाही. दुसरा आला चार वेळा. चौथ्यांदा दुसरा आला तेव्हा दोन दिवस गच्चीवरच जेवला.

आणि या वर्षी तो जिंकला.

त्या दिवशी आम्ही सगळे गच्चीत होतो. त्याच्याकडे एक करडी मादी आहे, तिचा तोरा बघून मीच तिला बाईसाहेब म्हणायला लागले. दुपारी ती ठिपक्यासारखी दिसली आणि नवऱ्याने माझा दंड इतका दाबला की दुसऱ्या दिवशी खिडकीवर बसले तेव्हा तिथं निळं होतं. बाईसाहेब आल्या, एक घिरटी घेतली, थेट फळीवर उतरल्या, आणि कडं पेटीत पडलं. दोनशे एकतीस मिनिटं वीस सेकंद. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या पेट्या ताईंच्या टेबलावर आल्या. आम्ही दाराबाहेर उभे. ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून काहीही कळायला मार्ग नव्हता, तो कधीच नसतो.

"तुझा वेग मिनिटाला एक हजार दोनशे बेचाळीस पूर्णांक चारशे पंधरा मीटर," त्या भावाला म्हणाल्या. "बेकरीवाल्यांचा एक हजार दोनशे बेचाळीस पूर्णांक एकशे त्रेपन्न."

"मराठीत सांग," नवरा म्हणाला.

"तू मिनिटामागे वीतभर पुढे आहेस. पहिला आलास."

पन्नाशीचा माणूस बहिणीला उचलून गोल फिरला. ताई "गुडघा, गुडघा" म्हणत होत्या आणि हसत होत्या. मी त्या दोघांकडे बघत बसले. इतकं आनंदी घर मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आपलं असूनही.

कप दोन कानांचा, चांगला हातभर उंच. पहिले आठ दिवस तो नवऱ्याबरोबर कामाला जायचा. पान्हे, वायसर, आणि पिशवीत वरती कप. लोकांच्या मोरीत आडवा पडून नळ दुरुस्त करायचा आणि पैसे घेताना सहज विचारायचा, "हे पाहिलंत का?" मी त्याला म्हटलं, एखाद दिवशी कुणी त्यात पाणी भरून देईल. मग कप घरी आला आणि बैठकीच्या खोलीत कपाटावर बसला. तर नवरोबांना वाटलं, मागची भिंत मोकळी दिसते. तिथं मोठा नकाशा हवा. सोडायची जागा खाली, आपलं शहर वर, आणि बावीस ढाबळींना जाणाऱ्या बावीस रेषा. "आपली लाल," तो म्हणाला.

ताईंनी जरा आढेवेढे घेतले, पण भावाचा उत्साह बघून तयार झाल्या. निवृत्त होताना कचेरीने त्यांना जुन्या नकाशांचा एक संच भेट दिला होता. तो त्यांनी टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली, वही उघडली आणि भिंग लावून एकेक ढाबळ सुईच्या टोकाने टोचायला लागल्या. औषधांच्या दुकानवाल्याची ढाबळ चित्रपटगृहाच्या मागे, बरोबर. आमची आमच्या घरावर, बरोबर. एकवीस ढाबळी जिथल्या तिथं पडल्या.

मी कांदा चिरत होते तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बेकरी तळ्यात पडली."

मी हसले. म्हटलं, "पाव भिजले असतील."

त्या हसल्या नाहीत. मी सुरी खाली ठेवली आणि त्यांच्याबरोबर टेबलाशी गेले. बेकरीपासून थोड्या अंतरावर शहराचं तळं आहे. सुईचं भोक तळ्याच्या निळ्या रंगात होतं, काठापासून चांगलं आत.

बेकरीवाले मंडळात नवीन, तीन वर्षांपूर्वी आलेले. त्या वर्षी ताईंचा गुडघा प्लास्टरमध्ये होता. शिडी चढणं शक्य नव्हतं. बेकरीवाल्यांनी आपल्या फोनवर ढाबळीचे अक्षांश-रेखांश पाहिले, चिठ्ठीवर लिहून आणून दिले, आणि ताईंनी ते वहीत उतरवून घेतले. सव्वीस वर्षांत ही एकच ढाबळ, जिच्यावर त्या चढल्या नव्हत्या.

"म्हणजे फोन चुकला?" मी विचारलं.

"फोन बरोबर आहे. माझा नकाशाही बरोबर आहे. पण दोघांचा पाया वेगळा आहे." त्या खुर्चीवर बसल्या. "आपल्या जुन्या मोजणीवाल्यांनी एका टेकडीवर खूण केली आणि तिथून सगळं मोजत नेलं. फोन उपग्रहांवरून मोजतो, पृथ्वीच्या मध्यापासून. म्हणून एकाच खिळ्याचे आकडे दोघांकडे वेगवेगळे येतात. आपल्या भागात दीडदोनशे मीटरचा फरक पडतो. दोन्हीकडे एकच पाया धरला तर काही बिघडत नाही. मी सोडायची जागा धरली नकाशातली आणि बेकरी धरली फोनमधली. एकाची उंची बूट घालून मोजायची आणि दुसऱ्याची अनवाणी, तसं केलं मी." मग म्हणाल्या, "कचेरीत याच चुकीसाठी मी पोरांना रडवलंय."

मला उंचीचं कळलं आणि लगेच पुढचंही कळलं. तळं सोडायच्या जागेच्या बाजूला आहे. म्हणजे बेकरीवाल्यांचं अंतर तीन वर्षं कमी धरलं गेलं. अंतर कमी म्हणजे वेग कमी. आणि आम्ही जिंकलो होतो वीतभराने.

मी खरं तेच सांगते, मला लाज वाटत नाही. मी म्हटलं, "ताई, तुमच्याशिवाय हे कुणाला कळणार आहे? सव्वीस वर्षांनी त्याला कप मिळालाय. राहू द्या ना. पुढच्या वर्षी गुपचूप आकडा दुरुस्त करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "मला कळलंय," त्या म्हणाल्या. "आता तुलाही कळलंय. तू उद्या कपाकडे बघशील तेव्हा काय दिसेल तुला?"

मी चिडले. माझा स्वभावच तसा आहे. कुणी बरोबर बोललं की मी आधी चिडते. आत जाऊन उरलेला कांदा चिरला, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याबद्दल कुणाला काही विचारता आलं नाही. पण शनिवारी दुपारची सुट्टी घेऊन मी फितीचं एक टोक धरायला त्यांच्याबरोबर गेले.

मोजणीचा दगड शाळेच्या फाटकाशी होता. तिथून तीन टप्प्यांत आम्ही बेकरीपर्यंत आलो. ताई दुर्बिणीतून बघायच्या, मी पुढे जाऊन काठी सरळ धरायची, पोरं भोवती जमायची. एका आजोबांना वाटलं रस्ता रुंद होणार. ते आमच्यावर ओरडून घेऊन मग घरी गेले. बेकरीच्या मागच्या बाजूला भट्टीची भिंत आहे, इतकी गरम की शिडी टेकवताना हात भाजला. बेकरीवाले धावत बाहेर आले. गोल चेहरा, भुवयांवर पीठ.

"ताई, तुम्ही कशाला चढता? गुडघा दुखेल."

"गुडघ्याचं ऐकलं म्हणूनच ही वेळ आली," ताई म्हणाल्या आणि चढल्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, दात आवळून. वर जाऊन त्यांनी फळीवर पिवळा ठिपका दिला, आणि तो वाळेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.

बेकरीवाल्यांचा चेहरा उतरला होता. "माझे आकडे चुकीचे होते का? मी काही खोटं लिहून दिलं नव्हतं हो. फोनवर दिसलं तेच लिहिलं."

"तुम्ही बरोबरच लिहून दिलं होतंत. चुकले मी. रविवारी बैठकीला या."

"येतो. तसंही मला सांगायचंच होतं." त्यांनी ढाबळीकडे पाहिलं. अर्धे कप्पे रिकामे होते. "बंद करतोय मी हे. तीन वर्षं झाली. माझी पाखरं निघतात जोरात, पण शेवटी शेवटी ढेपाळतात. बायको म्हणते, तू त्यांना पाव खाऊ घालून जड केलंस. पाव बंद केला, तरी तेच. मला जमत नाही, दुसरं काय."

ताईंनी शिडीचा दांडा घट्ट धरला. मला वाटलं आता सांगून टाकतील. पण आकडा हातात आल्याशिवाय ताई बोलत नाहीत. "पाव द्यायला हरकत नाही," एवढंच म्हणाल्या.

रविवारी सकाळी त्यांनी पहिलं गणित केलं आणि मला किल्ली दिली. ती किल्ली दिवसभर माझ्या खिशात होती. गटाराच्या जाळीवरून जाताना मला दोनदा वाटलं, पडली तर पडली. बैठक संध्याकाळी सहाला होती, म्हणून दुसरं गणित चारलाच झालं. दोन्ही कागद जुळले, मीटरपर्यंत. बेकरीचं अंतर एकशे अडुसष्ट मीटरने वाढलं होतं. वेग एक हजार दोनशे बेचाळीस पूर्णांक आठशे शहाऐंशी.

छे, मी एक गोष्ट गाळतेय. नवऱ्याला त्यांनी त्याआधीच, गुरुवारी संध्याकाळीच सांगितलं होतं, बेकरी तळ्यात पडली त्याच दिवशी. तो कप पुसत होता. ताई समोर बसल्या आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. आकडा अजून आला नव्हता, पण शंकेला जागा नव्हती.

त्याने कप उलटा करून बूडही पुसलं. मग म्हणाला, "मी नकाशा मागितला नसता तर?"

"तर मला कधीच कळलं नसतं."

"म्हणजे माझ्याच हाताने."

त्यानंतर तो ताईंशी बोलला नाही. तीन दिवस. जेवताना मला म्हणायचा, "तिला सांग, मीठ दे." ताई माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "त्याला सांग, मीठ त्याच्या हातापासून चाळीस सेंटीमीटरवर आहे." मी मध्ये बसून दोघांचं मीठ इकडून तिकडे करत होते. हसू येत होतं आणि रडूही. या दोघांना असं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. ताईंच्या खोलीतला दिवा दिसायचा आणि दार बंद असायचं. त्यांना कपाचं दुःख नव्हतं. तो परत बोलेल की नाही, याची भीती होती. तसं त्यांनी मला सांगितलंही. "आमचे आईवडील गेल्यापासून मला तो एकच आहे," त्या म्हणाल्या.

मंडळाचे आताचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, त्यामुळे बैठक त्यांच्या दवाखान्यात होते. बावीस माणसं रुग्णांच्या खुर्च्यांवर, भिंतीवर दाढेचं मोठं चित्र. नवरा पिशवी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला. ताई उभ्या राहिल्या. वही उघडून, एक शब्दही इकडचा तिकडे न करता, त्यांनी सांगितलं काय झालं ते: चिठ्ठी, प्लास्टर, दोन पाये, तळं. मग दुरुस्त निकाल वाचला. बेकरीवाले पहिले, मिनिटामागे हातभराने. माझा नवरा दुसरा. आधीच्या दोन वर्षांतही बेकरीवाल्यांचे क्रमांक वर सरकत होते, कप कुणाचा बदलत नव्हता.

"आणखी एक," त्या म्हणाल्या, आणि वही अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. "स्वतः मोजल्याशिवाय मी एकही आकडा लिहिला नाही, असं मी तुम्हाला नेहमी सांगत आले. एक लिहिला. तेवढ्याने एका माणसाची तीन वर्षं वाया गेली. मोजणीला दुसरं कुणी तरी बघा."

बेकरीवाले हळूच म्हणाले, "म्हणजे माझी पाखरं ढेपाळत नव्हती?"

"एकदाही नाही," ताई म्हणाल्या. "शेवटचा प्रत्येक मीटर ती पूर्ण वेगाने उडलीत. मीच ते मोजले नव्हते."

त्या माणसाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते, आणि ते हसणं होतं की रडणं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

औषधांच्या दुकानवाला म्हणाला, "ताई म्हणतात तर बघू. आता फोनमध्ये सगळं होतं. सगळ्यांचेच आकडे फोनवरून घेऊ, एकच पाया होईल. माणूस लागतोच कशाला?"

एकदोन माना हलल्या. अध्यक्ष ताईंकडे बघत होते. ताई जमिनीकडे. तेव्हा माझा नवरा उठला. पिशवीतून कप काढला, चालत जाऊन बेकरीवाल्यांच्या मांडीवर ठेवला, आणि परत जागेवर न बसता तिथंच उभा राहिला.

"माझी हरकत आहे," तो म्हणाला.

मला वाटलं, आता हा काय बोलतोय कोण जाणे. मी त्याचा सदरा ओढायला हात पुढे केला, पण तो लांब होता.

"गेले तीन दिवस मी हिच्याशी बोललो नाही," तो म्हणाला. "बायकोला विचारा. सव्वीस वर्षांनी मिळालेला कप, तो हिने घालवला. राग येणार की नाही? आला. अजून आहे. पण सव्वीस वर्षं या खोलीत मी एकच ऐकत आलोय, तुझी घरचीच मोजणी. आता म्हणा. कुणाला म्हणायचंय त्याने उठून म्हणावं."

कुणी उठलं नाही. औषधांच्या दुकानवाला दाढेच्या चित्राकडे बघत होता.

"मला पुढच्या वर्षी जिंकायचंय," नवरा म्हणाला. "आणि ते हिच्या आकड्यावर. दुसऱ्या कुणी मोजलं आणि मी पहिला आलो, तर माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही. फोन खुशाल घ्या. पण फोन धरून प्रत्येक छपरावर हीच चढेल. नाही तर माझी कबुतरं मी घरी ठेवतो."

"माझीही," बेकरीवाले कप छातीशी धरून म्हणाले. ते पाखरं सोडणार होते हे ते पार विसरले होते. अध्यक्षांनी विचारलं, कुणाची ना आहे का, आणि स्वतःच म्हणाले, नाही. वही त्यांनी ताईंच्या हातात परत दिली.

ताई रडल्या. सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या, नाक लाल होईपर्यंत. डॉक्टरांना दवाखान्यात रडणाऱ्या माणसांची सवय असल्यामुळे त्यांनी न बोलता कापसाचा गोळा पुढे केला. मीही रडले, मला कुणी गोळा दिला नाही. ताईंनी नाक पुसलं, वही उघडली, बेकरीच्या जुन्या आकड्यावर लाल शाईने एक रेघ मारली, नवा आकडा लिहिला आणि खाली सही केली. मग भावाकडे वळल्या. तीन दिवसांनी पहिल्यांदाच, मला मध्ये न घालता.

"शनिवारपासून सगळ्या फळ्या पुन्हा मोजणार आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्यापासून सुरुवात."

"ये," तो म्हणाला. "शिडी मी धरतो."